मागल्या दाराची वही

बाहेरगावच्या माणसाला भिशी म्हटलं की बायकांची पैशांची भिशी आठवते. आमच्या भिवंडीत भिशी म्हणजे जेवण. घरदार मुलुखात सोडून आलेल्या, लूमवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसांनी रोज दोन्ही वेळ एकाच बाईच्या हातचं खायचं, त्याला भिशी म्हणतात. नारपोलीत माझी अशी भिशी आहे. पुढच्या भिंतीवर तिचं लायसन लावलंय, काचेच्या चौकटीत. येणारा-जाणारा म्हणतो, वा भाभी, आता पक्कं काम झालं. मी म्हणते, हो बाबा, झालं. त्या काचेवर दगड मारावासा वाटतो हे कोणाला सांगू?

मुळात मी खारबावची. लग्न होऊन नारपोलीत आले तेव्हा नवऱ्याचे स्वतःचे लूम होते, घरालाच लागून शेड होती. रात्रंदिवस खडखडाट. पाहुणे आले की कानात बोटं घालायचे आणि आम्हाला मात्र लाइट गेली, लूम थांबले की झोप मोडायची. मग सूत महागलं, कापड पडून राहायला लागलं, आणि एक दिवस ते लूम भंगारवाल्याने टेंपोत घालून नेले. नवरा दारात उभा राहून बघत होता. आत आला आणि म्हणाला, "आता बरा हाय. शांत झाला घर." त्यानंतर तो कितीतरी दिवस कोणाशी धड बोलला नाही.

त्याच दिवसांतली गोष्ट. नाक्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं अन्नदान होतं. मंडप, फुगे, पुढाऱ्याचा माणसाएवढा फोटो. घरात पीठ नव्हतं. मी पदर पुढे ओढला, मोठा डबा घेतला आणि रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तशी वाढणाऱ्या बाईने विचारलं, "नाव काय? कुठल्या घरातल्या?" शेजारी माईकवाला उभा होता, त्याने माईक माझ्या तोंडासमोर धरला. मी येडी, घाबरून सांगून बसले. नवऱ्याचं नाव, आडनाव, गल्ली, सगळं. ते स्पीकरवरून नारपोलीभर गेलं. मी डबा घेऊन घरी पोचेपर्यंत नवऱ्याला कळलेलं होतं. तो भात त्याने खाल्ला नाही. मी खाल्ला. मला भूक होती.

पुढे रिकाम्या शेडमध्ये मी भिशी घातली. हाताला चव आहे माझ्या, ते मी स्वतःच सांगते, दुसरं कोण सांगणार? बोंबलाचं कालवण केलं की यूपीवाले भैये बोटं चाटत बसायचे. हळूहळू तीन शेडमधले लोक जेवायला यायला लागले. जम बसला तेव्हा मी एक नियम केला. सकाळचं रांधून झालं की पुढच्या पंगतीला हात लावायच्या आधी एक पातेलं भात आणि एक पातेलं डाळ बाजूला काढायची. उरलेलं नव्हे हो, आधी काढलेलं. दुपारी बारा वाजता ती दोन पातेली मागल्या दारी न्यायची. ज्याचा लूम बंद पडलाय, ज्याला मुकादमाने काढलंय, जो आजारातून उठलाय, त्याने यायचं आणि जेवून जायचं. आणि मागल्या दारी कोणी कोणाला नाव विचारायचं नाही. मीही नाही, माझ्या मदतीला येणाऱ्या वारली बाईनेही नाही. ती रोज डोंगराकडच्या पाड्यावरून शेअर रिक्षा बदलत बदलत यायची. तिला हा नियम सांगितला तर ती उलट माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, "जेवाला बसलेल्याला कोन नाव इचारतं, ताय?"

त्या दारी येणाऱ्यांत एक म्हातारा होता. लूमवरच्या कांड्या भरण्याचं काम त्याने जन्मभर केलेलं. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. उजव्या हाताच्या बोटांना सूत ओढून ओढून चरे पडलेले आणि छातीत कापसाची भुकटी बसलेली, त्यामुळे तीन वाक्यं बोलला की खोकायचा. त्याचा कारखाना बंद पडून ती जागा गोदामाला गेली. पहिल्या दिवशी आला तो आत आलाच नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मा, कुछ काम है तो दो, पीछे खाऊँगा."

मला हसू आलं. "अरे चाचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा तू, आणि मला मा म्हणतोस?"

"हमारे देस में बोलते हैं," तो म्हणाला. तो बंगालकडचा, मालद्याचा. तिकडे लेकीसुनेच्या वयाच्या बाईला मा म्हणतात म्हणे. मला पोरबाळ नाही. मी सोलायच्या लसणाचं सूप त्याच्यासमोर सरकवलं. त्याने असा लसूण सोलला की एका पाकळीला नखाचा डाग नाही. त्या दिवसापासून तो रोज साडेअकराला यायचा, दुसऱ्या दिवसाचा लसूण सोलायचा आणि मग बारा वाजता सगळ्यांबरोबर जेवायचा. हे जवळजवळ दोन वर्षं चाललं. त्याचं नाव मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आमचं काही अडलं नाही.

मग लायसनचं सुरू झालं. शहरात कुठल्याशा भंडाऱ्यात लोकांना जेवणातून बाधा झाली, एक पोर गेलं. वाईट झालं, फार वाईट झालं. त्यानंतर साहेब लोक गल्ल्यागल्ल्यांतून फिरायला लागले. जिथे म्हणून चूल पेटते तिथे कागद पाहिजे. मी म्हणत नाही की नियम नकोत. दहा वर्षं माणसं माझ्या हातचं जेवतायत, माझंही पाणी टाकीतलं आहे, मलाही भीती वाटते. पण ज्या मंडपात ते पोर गेलं तो मंडप दुसऱ्या आठवड्यात तसाच्या तसा दुसऱ्या चौकात उभा राहिला, त्याला कोणी हात लावला नाही. हात लावला तो आमच्यासारख्यांना. चार गल्ल्यांत मिळून पाच भिश्या होत्या. तेलंगणाकडची एक बाई होती, तिच्या हातचं आंबट सार मीसुद्धा मागून आणायचे. तिने दोन महिने खेटे घातले, तोंडाला फेस आला तिच्या, शेवटी भांडी विकली आणि गोदामात खोकी बांधायच्या कामाला गेली. तिची माणसं आता गाडीवरचा वडापाव खातात. त्या गाडीला लायसन आहे की नाही देव जाणे.

मला लागलेले कागद सांगत बसले तर तुम्हीच कंटाळाल. पाण्याची तपासणी, आम्हा दोघींची डॉक्टरी तपासणी, जागेचा नकाशा, सिलिंडरचा कागद. नकाशात मोरी दाखवली नाही म्हणून एकदा परत पाठवलं आणि मोरी दाखवली तर ती चुलीच्या जवळ आहे म्हणून दुसऱ्यांदा. आता घरातली मोरी मी कुठे हलवू? डोक्यावर घेऊन फिरू? नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा पट्टी घेऊन रेघा मारल्या आणि मोरी कागदावर तीन फूट पलीकडे सरकवली. ते पास झालं.

फॉर्म भरायला मी धामणकर नाक्यावर एका झेरॉक्सवाल्याकडे गेले. सगळे त्याला एजंट म्हणतात. बाहेर रिक्षावाले "एक सीट, एक सीट" करून कोकलत होते आणि हा आत कॉम्प्युटरवर एका बोटाने माझं नशीब टाइप करत होता. एका ठिकाणी थांबला.

"काकी, फुकट पण देता का कोणाला?"

"देते. रोज देते."

"ते नको लिहायला. उगाच लफडं."

झालं. माझं टाळकं सटकलं. इतके दिवस साहेबांसमोर मान खाली घालून "हो साहेब, हो साहेब" केलं होतं, ते सगळं वर आलं. "का नको लिहायला? चोरी करते का मी? दारू विकते? लिही. रोज दुपारी मागल्या दारी पंधरा-वीस जण फुकट जेवतात, लिही!" दुकानातले दोघंतिघं वळून बघायला लागले तशी मला आणखी चढली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पुढाऱ्याचा फोटो लागतो, मग माझा निदान एका ओळीचा तरी कागद होऊ दे, असं मनात आलं. एजंटने खांदे उडवले आणि ती ओळ टाइप केली. ती चूक माझी. साहेबाची नाही, सरकारची नाही. माझ्या तोंडाची आणि माझ्या मिजाशीची.

पंधरा दिवसांनी साहेब आला. तरुण, चष्मा, बूट बाहेर काढून आत आला. चहा नको म्हणाला. पैशाचं तर नावही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. त्याने टाकीत वाकून पाहिलं, पिठाच्या डब्यात हात घातला, "स्वच्छता चांगली आहे मावशी" म्हणाला. मग मागलं दार बघायला गेला.

"इथे वाटप करता?"

"वाटप काय त्यात? जेवतात."

"त्यांची नोंद?"

"कसली नोंद?"

त्याने समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. ज्याला जेवण दिलं त्याचं नाव, मोबाइल, आधार नंबर, सही नाहीतर अंगठा. रोजच्या रोज, वहीत. "उद्या कोणाला काही झालं तर आम्ही कोणाला शोधायचं, मावशी? तुम्हीच सांगा." त्या गेलेल्या पोराचं तोंड मी पाहिलं नव्हतं, पण ते डोळ्यांपुढे आलं. "आणि नोंद नाही ठेवली तर?" मी विचारलं. तर दंड, आणि पुढच्या दाराचंही लायसन अडकणार. एकच अर्ज आहे ना. मीच करून ठेवलेला.

मी शंभर पानी वही आणली. रेघा मारल्या. वही मागल्या दाराच्या खिळ्याला टांगली, पेन सुतळीने बांधलं. वारली बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आता काय जेवन नंबरावर?" म्हणाली. मी तिच्यावर खेकसले.

पहिल्या दिवशी अठरा जणांतले सात जण वही बघूनच परत गेले. त्यांचे पायसुद्धा वाजले नाहीत. त्यात दोघं माझ्याच गल्लीतले होते, त्यांच्या बायकांना वाटत होतं की ते अजून लूमवर जातात. बाकीच्यांनी लिहिलं. एकाने हसत हसत हिरोची सही केली. म्हातारा नेहमीप्रमाणे साडेअकरापासून बसला होता, त्याचा लसूण सोलून झाला होता. मी वही काढून त्याच्यासमोर धरली.

"नाव सांग, चाचा. सरकारी कायदा आलाय."

त्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कागज कहाँ जाएगा, मा?"

"ऑफिसात. आणि आधार नंबर पण लागेल."

तेव्हा रोज बातम्या येत होत्या. बंगाली बोलणाऱ्याला धरायचं, कागद दाखव म्हणायचं, नाही दाखवला की बांगलादेशी म्हणून सीमेपार सोडायचं. मागे एकदा खोकत खोकत त्यानेच सांगितलं होतं की गंगेने काठ खाल्ला तेव्हा त्याचं घर नदीत गेलं आणि कागदांची पत्र्याची पेटी घराबरोबर गेली. हे मला माहीत होतं. माहीत असून मी विचारलं.

"नाम नहीं लिखा तो?"

"तर मला दंड! माझी भिशी बंद! अरे, नाव सांगायला काय जातं तुझं? चोर आहेस का?"

हे माझ्या तोंडून गेलं. आजूबाजूला दहा माणसं जेवत होती, त्यांचे घास थांबले. ज्या बाईच्या तोंडासमोर एकदा माईक धरला गेला होता तिच्याच तोंडातलं हे वाक्य. लाज वाटते लिहायला, पण लिहिते.

म्हातारा उठला नाही. रागावलाही नाही. लसणाचं सूप नीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "आज पेट भरा है, मा."

दुसऱ्या दिवशी तो साडेअकराला आला. मला वाटलं, चला, निवळलं. त्याने लसूण सोलला, सगळा. बारा वाजले, पातेली बाहेर आली, तसा तो उठून चालायला लागला. मी हाक मारली, "चाचा, जेवून जा, लिहू नकोस." वही खिळ्याला टांगलेली होती आणि साहेब कधीही येईन म्हणून गेला होता, म्हणून मी हे हळू आवाजात म्हणाले. फारच हळू. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तिसऱ्या दिवशीही तसंच, सोलला आणि गेला. चौथ्या दिवशी तो आला नाही.

आठ दिवस गेले. लसूण मीच सोलत होते, नखं दुखायला लागली. नवरा म्हणाला, "गेला आसल मुलुखात. तू कशाला जीव खातेस?" पण कुठला मुलुख? मुलुख तर नदीत गेला होता. नवव्या दिवशी मी भिशी वारली बाईच्या हवाली केली आणि त्याला शोधायला निघाले. पान टपरीवर विचारलं, "तो म्हातारा बघितला का?" "कोण म्हातारा? नाव काय?" दुसऱ्या एका कांडीच्या कारखान्यात विचारलं. मुकादम म्हणाला, "बाई, इथे म्हातारे शंभर आहेत. नाव सांगा." शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीतल्या बाईने रजिस्टर उघडून पेन हातात धरलं. "पेशंटचं नाव?" मी म्हटलं, "खोकतो. बंगालकडचा आहे. उजव्या हाताची बोटं..." ती माझ्याकडे बघत राहिली. मागे लाइन होती. कोणीतरी ओरडलं, "अहो ताई, नाव माहीत नाही तर कशाला खोळंबा करता?" दोन वर्षं मी त्या माणसाला जेवू घातलं, आणि त्याला हाक मारायला माझ्याकडे शब्द नव्हता. नाव न विचारण्याचा मोठा अभिमान होता ना मला? कपाळ माझं!

तो सापडला तो माझ्याच भिशीतल्या एका कारागिरामुळे. त्याच्या शेडच्या मागे एक बंद कारखाना होता, लूम काढून नेलेला, खालचे नुसते सिमेंटचे चौथरे उरलेले. तिथे म्हातारा झोपतो, ताप आहे, असं त्याने सांगितलं. मी डबा भरला आणि दुपारीच गेले. तो दोन चौथऱ्यांच्या मधे पोतं अंथरून पडला होता. मला बघून उठून बसायला गेला आणि खोकला. मी डबा उघडला. मऊ भात, वरण, वर तूप. त्याने डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किसके नाम पे लिखा, मा?"

"कोणाच्याच नाही. खा तू."

त्याने डबा माझ्याकडे ढकलला. "तो तुम पे जुर्माना होगा. बीस आदमी का खाना बंद होगा मेरे वास्ते?"

तेव्हा मला कळलं की तो जेवायचा का थांबला. मी समजत होते, तो कागदाला घाबरला. कागदाला तर तो घाबरतच होता. पण जेवण सोडलं ते माझ्या भिशीसाठी. मी चोर म्हटलं त्या माणसाने. मी तिथे त्या सिमेंटच्या चौथऱ्यावर बसून रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि तो तापलेला माणूस मलाच "रो मत, रो मत" म्हणत होता.

मग मी डोळे पुसले आणि घरी जाऊन वही घेऊन आले. त्याच्या समोर माझं स्वतःचं नाव लिहिलं. माझा मोबाइल, माझा आधार नंबर, माझी सही. "हे बघ. माझ्या नावावर आहे. आता खा." त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तो ओळ बघत राहिला आणि मग जेवला. पुढचे सोळा दिवस मी रोज दुपारी त्याला डबा नेला आणि रोज वहीत माझं नाव लिहिलं. औषधही नेलं, दुकानातून खोकल्याचं. ताप उतरला. तो भिंतीला टेकून बसायला लागला.

सतराव्या दिवशी सकाळी साहेब आला. लायसनच्या आधीची शेवटची तपासणी. त्याने वही हातात घेतली, बोट फिरवत फिरवत खाली आला आणि थांबला.

"मावशी, ही रोज येणारी बाई कोण?"

"मी."

"तुम्ही? तुम्ही मालक आहात. स्वतःला फुकट कसं देता?" तो हसला, पण वाईट हसला नाही. "चुकून लिहिलं का?"

"चुकून नाही. एका म्हाताऱ्याला डबा नेते. त्याचं जेवण माझ्या नावावर टाकते."

"मग त्याचं नाव टाका ना."

"मला माहीत नाही."

"मग विचारा. पत्ता, आधार, मी स्वतः नोंद करून देतो. त्याला बाहेर इतर योजना पण मिळतील." खरंच चांगल्या मनाने म्हणाला. हेच तर दुःख आहे. "नाव नसेल तर मावशी, जेवण दिलंच नाही असं मला धरावं लागेल." आणि त्याने खिशातून लाल पेन काढून माझ्या सोळा ओळी एकेक करून खोडल्या, पट्टी लावून, सरळ. "उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या नाव आलं तर लायसन लगेच, नाही तर फाइल परत खाली."

मागे दारात वारली बाई उभी होती, नवरा उभा होता. सिलिंडरवर भात शिजत होता. तीन शेडमधल्या माणसांचं दोन्ही वेळचं जेवण त्या फाइलवर होतं, आणि आमच्या दोघांचंही.

दुपारी मी डबा घेऊन गेले. तो जेवला. मी वाट पाहिली. मग मी विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदा, नीट, हळू आवाजात. "चाचा, तुझं नाव काय?"

त्याने डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, सांगणार नाही, आणि देवा, त्याला सांगू देऊ नकोस. पण त्याने सांगितलं. पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि चौकीत उभं केल्यासारखं सगळं सांगितलं: स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, डाकघर, ठाणं, जिल्हा. एकही अक्षर न अडखळता. मग म्हणाला, "लिख लो, मा. तुम्हारा काम हो जाए."

मी लिहिलं नाही. वही मी नेलीच नव्हती. मी म्हटलं, "नाही लिहीत. मला नुसतं ऐकायचं होतं." त्याने मान हलवली. पण माझ्यावर विश्वास का ठेवावा त्याने? एकदा चोर म्हटलेलं होतंच की मी. मी रिकामा डबा घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी साहेबाला सांगितलं, मागलं दार बंद केलं, आता फुकट कोणाला देत नाही. त्याने ती ओळ अर्जातून काढून टाकली आणि दुपारच्या आत लायसन झालं. मागल्या दाराला मी कुलूप घातलं आणि डबा घेऊन कारखान्याकडे पळाले.

तो तिथे नव्हता. पोतंसुद्धा नव्हतं. मी शेजारच्या शेडमध्ये विचारलं, कोणी बघितलं नव्हतं. मी नाव विचारल्याचं सांगितलं तसा कारागीर म्हणाला, पहाटेच गेला असेल, नाव सांगून बसला की हे लोक थांबत नाहीत.

आता तो जिथे असेल तिथे त्याला शोधणं सोपं आहे. दवाखान्याच्या खिडकीत ती बाई अजून बसते. स्टेशनवर, चौकीत, सगळीकडे रजिस्टर आहेत आणि सगळीकडे पहिला प्रश्न तोच विचारतात. माझ्याकडे उत्तर आहे, बापाच्या नावापासून ठाण्यापर्यंत पूर्ण. दोनदा मी त्या खिडकीपर्यंत गेले. "पेशंटचं नाव?" बाईने विचारलं, आणि मी "काही नाही, चुकून आले" म्हणून परत फिरले. ते नाव एकदा कोणाच्या वहीत गेलं की त्याला कोण कुठे नेऊन सोडेल, मला माहीत नाही. म्हणून मी ते कोणाला सांगत नाही, नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.